खड्ड्यातल्या माणसाची सही

मी, शेवटी जिची सही आहे ती, लाकडाच्या वखारीची मालकीण, धंदा लाकूड कापणे व विकणे, वय सत्तरीच्या पुढे, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. दोन गुडघे सोडले तर बाकीचे अवयवही आपापल्या कामावर हजर आहेत. हा कागद मी माझ्या मर्जीने करत आहे. कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. मला धाक घालणारा अजून जन्माला यायचा आहे, आणि आता आला तरी त्याला उशीरच झाला म्हणायचा.

मी सांगते आहे आणि वकीलबाई लिहून घेत आहेत. माझं वाक्य कापायचं नाही, असं मी त्यांना आधीच बजावलं आहे. त्या म्हणाल्या, "आजी, हे मृत्युपत्र आहे, गप्पा नव्हेत." मी म्हटलं, "मेल्यावर गप्पा मारता येतात असं तुमच्या कायद्यात असेल तर सांगा, मी थांबते." तेव्हापासून त्या निमूटपणे लिहीत आहेत.

कलम पहिले : माणसे

माझे यजमान युद्धात गेले. गावामागच्या टेकडीवर पलीकडच्यांनी तोफांचा मारा केला, त्यात. आम्हाला एक मुलगा, तो तेव्हा रांगत होता. आज त्याचा लॉरीचा धंदा आहे, स्वतःचं घर आहे. दर रविवारी मला भेटायला येतो, पण उंबरठा ओलांडत नाही. अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि चहा तिथेच पितो. का, ते पुढे येईल.

यजमानांना एक धाकटी बहीण, माझी नणंद. ती आता नाही. तिला मूलबाळ झालं नाही. तिचे यजमान आहेत, ते वखारीच्या मागच्या खोलीत राहतात. ते पलीकडचे. म्हणजे ज्यांच्याशी आपलं युद्ध झालं त्यांच्यातले; कैदी म्हणून आले आणि इथलेच झाले. गाव त्यांना 'पलीकडचा' म्हणतं. वखारीत त्यांना 'खालचा' म्हणतात, कारण जन्मभर त्यांनी मोठ्या करवतीची खालची मूठ धरली. या कागदात मी त्यांना अहोजाहो करणार आहे. साक्षीदाराचा मान ठेवावा लागतो, असं वकीलबाई म्हणतात. बरं, ठेवते.

माझ्या मुलाने मागे एकदा अंगणात बसून मला तोंडावर सांगितलं, "आई, तू आहेस तोवर ठीक. तुझ्यामागे तो माणूस इथे एक दिवस राहणार नाही." मागच्या खोलीची खिडकी उघडी होती. आत करवतीच्या दातांवर कानस चालली होती, ती थांबली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली.

तेव्हा हा सगळा खटाटोप कशासाठी, ते वाचणाऱ्याने इथेच ध्यानात घ्यावं. माझ्यामागे त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर छप्पर राहतं की नाही, एवढाच प्रश्न आहे. बाकी सगळं लाकूडफाटा.

कलम दुसरे : वखार व घर

वखारीची जागा, तिच्यावरचे पत्र्याचे छप्पर, यंत्राची करवत, राहते घर, ओंडके उतरवायचे अंगण, अंगणातला खड्डा व मागची खोली, हे सर्व मी माझ्या एकुलत्या एका मुलाला देत आहे. त्यात दुसऱ्या कोणाचा हिस्सा नाही.

खड्ड्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण तो आता फळ्यांनी झाकला आहे आणि नातवंडांना तो पाण्याचा हौद वाटतो. यंत्र येण्याआधी ओंडका या खड्ड्यावर आडवा टाकायचो. एक माणूस वर, ओंडक्यावर उभा. एक खाली, खड्ड्यात. मध्ये माणसाहून लांब करवत, दोन्ही टोकांना मुठी. वरचा रेघ सांभाळतो. खालचा ओढतो, आणि सगळा भुसा त्याच्या तोंडावर पडतो. वरचं काम मानाचं, खालचं करंट्याचं. माझे यजमान वरचे होते. ते गेल्यावर वरची मी झाले. बाईने ओंडक्यावर चढावं हे काही जणांना रुचलं नाही, पण छप्पर सगळ्यांनाच हवं होतं, त्यामुळे ते गप्प बसले.

तह झाला तेव्हा गावात दोन्ही हात शाबूत असलेले पुरुष बोटांवर मोजण्याइतके उरले होते. तहात असं ठरलं की पलीकडच्या कैद्यांनी काही वर्षं इथे राहून जे मोडलं ते बांधून द्यायचं. पूल, शाळा, घरं. घरांना लाकूड लागतं, म्हणून आमच्या वखारीला एक कैदी मंजूर झाला, रेशनवर रॉकेल मंजूर व्हावं तसा. मी तो आणायला नगरपालिकेच्या सभागृहात गेले. कैदी रांगेत उभे होते आणि कारकून एकेकाला विचारत होता, "सैन्यात काय काम होतं?"

पहिला म्हणाला, "स्वयंपाकी." दुसरा म्हणाला, "स्वयंपाकी." तिसरा म्हणे भांडी घासायला होता. अख्खी रांग स्वयंपाकघरातली निघाली. गावात अजून विचारतात, पलीकडच्या सैन्यात सगळे आचारीच होते, तर आमची माणसं काय अपचनाने मेली?

मग एक जण म्हणाला, "तोफखाना." कारकुनाने मान वर केली. "कुठे?" त्या माणसाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. खिडकीतून आमची टेकडी दिसत होती.

त्याला न्यायला कोणी पुढे येईना. मी म्हटलं, "मला हा द्या." लोकांना वाटलं, काय बाईचं मन मोठं! मन कसलं मोठं आणि काय. मला त्याला खड्ड्यात घालायचा होता. मी वर उभी राहणार, तो खाली, आणि भुसा त्याच्या डोळ्यांत. याच्यापलीकडे माझा काही विचार नव्हता, आणि तो मी कधी कोणापासून लपवलेला नाही.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. कामाला बोलावं लागत नाही. ओंडक्यावर एक ठोका म्हणजे ओढ, दोन ठोके म्हणजे थांब. बाकीचं मी नणंदेला सांगायची, "त्याला म्हणावं, उद्या लवकर सुरू करायचंय." ते समोर उभे असायचे. लेकी बोले सुने लागे. नणंद गेल्यावर मी मांजरीला सांगायला लागले. "मने, पत्रा गळतोय म्हणावं." आणि ते मांजरीला उत्तर द्यायचे, "मने, उद्या बघतो म्हणावं." त्या मांजरीइतकी गावची बातमी कोणाला नसेल.

याचं मला वाईट वाटतं का, असं वकीलबाईंनी विचारलं. नाही वाटत. मी तोंड उघडलं असतं तर पहिलं वाक्य कोणतं आलं असतं ते मला ठाऊक आहे. ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यापेक्षा ठोके बरे.

कलम तिसरे : पत्र्याचा डबा

फडताळातल्या वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा, आतल्या लोखंडासकट, मी चौकातल्या फर्निचरवाल्याला देत आहे.

टेकडीवरची झाडं युद्धात उभीच होती. तोफगोळ्यांच्या ठिकऱ्या त्यांच्या खोडात शिरल्या, आणि झाडांनी वरून साल धरली. बाहेरून काही दिसत नाही. करवत चालता चालता लोखंडावर बसते, दात उडतात, एखाद्याचा डोळा जातो. तह कागदावर झाला, झाडांना कोणी कळवलं नाही. अजूनही मोठ्या गिरण्या त्या जंगलाच्या लाकडाला हात लावत नाहीत. आम्ही घेतलं, कारण आमच्याकडे खालचे होते. आवाज बदलायच्या आधी त्यांना मुठीत कळायचं. खालून दोन ठोके पडायचे. पहिल्यांदा मी थांबले नाही. म्हटलं, मेला कामचुकार, विसावा मागतोय. करवतीचे दात गेले. दुसऱ्यांदा थांबले.

मग ते शिडीने वर यायचे, छिन्नीने लाकूड उकरून तुकडा काढायचे, शर्टाला पुसायचे आणि डब्यात टाकायचे. आमच्या झाडात त्यांच्याच तोफेचं लोखंड, आणि ते काढायला त्यांचाच माणूस. तो तुकडा डब्यात वाजला की दर वेळी माझ्या मनात एक गोष्ट यायची. ती मी इथे लिहायला सांगत नाही.

नणंदेने मात्र विचारलं. लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा, मी फळ्या रचत होते त्याच्या पलीकडे उभं राहून, सरळ. "माझ्या भावाला तुमचीच तोफ लागली का?" ते म्हणाले, "माहीत नाही. टेकडीवर मारा करणाऱ्या आमच्या बऱ्याच तोफा होत्या. नाही म्हटलं तर तुला बरं वाटेल, पण ते खोटं ठरू शकतं." ती दोन दिवस रडली. मग तिने त्यांच्याशीच लग्न केलं. तिच्या बाजूने कचेरीत सही मी केली. सही केली, तोंड उघडलं नाही.

आता फर्निचरवाल्याला डबा का? तर दर वर्षी तहाच्या वर्षदिनाला स्मारकापाशी उभा राहून हा पलीकडच्यांवर भाषण ठोकतो. दुकानात टेकडीचं लाकूड शिरू देत नाही म्हणतो, आणि संध्याकाळी आमच्याकडून तेच घेऊन जातो. ज्या टेबलावर तो भाषण लिहितो, त्याच्या फळ्या खालच्यांनी ओढलेल्या आहेत. डबा त्याने त्या टेबलावर ठेवावा. कागद उडू नयेत म्हणून उपयोगी पडेल.

कलम चौथे : रद्द

या कलमात जे लिहिले होते ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. काय होतं आणि का खोडलं, ते सांगते.

तहानंतर असा कायदा झाला की जे पलीकडचे इथे राहतील त्यांनी काम करावं, लग्न करावं, कर भरावा. पण त्यांच्या नावावर जमीन होणार नाही, आणि कोणत्याही कागदावर त्यांची साक्ष धरली जाणार नाही. शत्रूचा शब्द, म्हणून. पूल बांधून झाले, शाळा बांधून झाल्या, त्या शाळांतली पोरं म्हातारी व्हायला आली, तरी हा कायदा होता तिथेच. तो यंदा उठला, त्याच्या जागी नवा आला. गावात कोणाला पत्ता नव्हता. मला पोस्टमास्तरांनी सांगितलं.

नणंद गेली ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून. मी शेजारच्या खोलीत दूध तापवत होते. नोंद करायला आम्ही दोघं कचेरीत गेलो. कारकुनाने विचारलं, "जीव गेला तेव्हा जवळ कोण होतं?" ते म्हणाले, "मी." कारकून म्हणाला, "तुमचं चालणार नाही." मग माझ्याकडे वळला. मी जवळ नव्हते, दुधाकडे बघत होते, तरी माझी सही चालली. ते बाहेर जाऊन पायरीवर उभे राहिले, हातात तिची छत्री घेऊन. बाहेर चांगलं ऊन होतं, छत्री मिटलेलीच होती. आम्ही घरी आलो आणि मी मांजरीला म्हटलं, "मने, जेवून घ्या म्हणावं."

तर कायदा उठला म्हटल्यावर मी वकीलबाईंना बोलावलं आणि या चौथ्या कलमात मागची खोली खालच्यांच्या नावे लिहिली. दुसरा साक्षीदारही त्यांनाच करायचं ठरवलं. माझ्या माहितीत खरं बोलल्याबद्दल नुकसान सोसलेला तो एकच माणूस आहे. साक्षीला आणखी काय लागतं?

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजी, एक पंचाईत आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने त्याच मृत्युपत्रावर साक्ष घालायची नसते. घातली तर त्याचं मिळणं बुडतं. तेव्हा एक तर खोली, नाही तर सही."

मी म्हटलं, "पोस्टमास्तरांना मी माझा ओळंबा देणार होते, तेही साक्षीदार आहेत. त्यांना तो आत्ताच हातात देऊन टाकते. तशी खोलीही देऊन टाकू." त्या म्हणाल्या, "ओळंबा द्या खुशाल. पण नव्या कायद्यातही पलीकडच्यांना जमीन मृत्युपत्रानेच मिळते. विकत नाही, बक्षीस नाही."

"मग खालच्यांनाच विचारा, काय हवं ते."

"इथेच तर बसलेत. तुम्हीच विचारा ना."

मांजर नेमकी कुठे उलथली होती कोण जाणे. मी इकडेतिकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हटलं, "अहो, ऐकलंत ना?"

ते दचकले. मागे वळून बघितलं, मागे कोणी आहे का. भिंत होती. मग हळूहळू उठून उभे राहिले, शाळेत उभं राहतात तसे.

मी विचारलं, "खोली हवी की सही?"

"सही," ते म्हणाले.

"अहो, रस्त्यावर याल."

"येईन."

वकीलबाई मध्ये पडल्या. "काका, खोली घ्या. सही काय, उद्या दुसऱ्या कोणाच्या कागदावर कराल."

ते हसले. "दुसरं कोण बोलावणार मला?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तिच्या वेळी माझी सही चालली नाही."

त्यांनी मला वहिनी म्हटलं. इतकी वर्षं खड्ड्यातून वर बघत मनात ते मला काय म्हणत होते, ते मला या वयात कळलं. मला रडू आलं. वकीलबाई म्हणाल्या, हे लिहायलाच हवं का? हो, लिहा. रडले म्हणून लिहा.

म्हणून कलम चौथे रद्द.

कलम पाचवे : मोठी करवत

यंत्रामागे भिंतीला टांगलेली दोन मुठींची मोठी करवत मी माझ्या मुलाला देत आहे. वरची मूठ माझ्या यजमानांच्या हातांनी झिजली, मग माझ्या. खालची दुसऱ्याच्या. करवतीला दर आठवड्याला तेल लागतं आणि महिन्याला धार. धार कशी लावायची ते माझ्या मुलाला येतं. लहानपणी कोणाच्या मांडीवर बसून शिकला ते त्याने आठवावं. ही करवत एकट्या माणसाला ओढता येत नाही, हे फक्त माहितीसाठी.

कलम सहावे : काहीही न मागणारे

या कलमाने मी कोणालाही काही देत नाही आणि कोणावर कसलीही अट घालत नाही. हे वाक्य वकीलबाईंचं आहे. मी मागच्या खोलीत कोणाला राहू द्या असं लिहिलं, तर ती त्या माणसाला मिळालेली वस्तू ठरते आणि त्याची सही बाद होते. म्हणून मी तसं म्हणत नाही. कोणी विचारलं तर म्हातारी असं म्हणाली नाही, असंच सांगावं.

बाळा, आता मी तुझ्याशी बोलते आहे. खोली तुझी आहे. तिचं दार बुटकं आहे, तुझं डोकं लागेल. आतली खाट एका माणसाच्या मापाची आहे, तुला आखूड पडेल. खिडकी खड्ड्याकडे उघडते. ऊन सकाळी येतं. हे सगळं मी नुसतं वर्णन म्हणून सांगते आहे, मालमत्तेचं वर्णन द्यावंच लागतं.

तू लहान असताना तुला घरात सगळ्यांत लाडकं कोण होतं ते मी पाहिलेलं आहे. तुझी आत्या लग्न होऊन या अंगणातल्या अंगणात राहायला गेली, तेव्हा तिने तुला शिकवलं, "यांना आतोबा म्हणायचं." मग काय, दिवसभर आतोबा, आतोबा. खड्ड्याच्या कडेला पालथा पडून आत ओरडायचास, "आतोबा, डोळे मिटा, भुसा येतोय!" मी वरून मुद्दाम जोर करायची आणि तू खाली त्यांना सावध करायचास. मला राग यायचा, पण मी तुला गप्प केलं नाही. एवढं तरी माझ्या पदरात घाल.

मग शाळेत एका वर्षदिनाला तुम्हाला वडिलांचे फोटो घेऊन रांगेत उभं केलं. शेजारच्या पोराने विचारलं, "तुझ्या बापाला मारणारा तुझ्याच घरी जेवतो ना?" तू घरी आलास, फोटो खिळ्याला अडकवलास, आणि त्या दिवसापासून तो शब्द तुझ्या तोंडून गेला. 'तो माणूस' झाला. पुढे तू उंबरठाही सोडलास. मी तुला दोष देत नाही. जिचा नवरा गेला ती बोलत नाही, तर ज्याचा बाप गेला त्याने का बोलावं? तुझा राग खरा आहे. माझाही खरा होता. पण तुझा बाप मला फार थोडी वर्षं मिळाला, आणि ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला जन्मभर हे होते. त्यांनी एकदाही वेळेआधी मूठ सोडली नाही. सोडली असती तर मी तोंडावर पडले असते, माझे दात गेले असते आणि कोणी त्यांना बोल लावला नसता.

तुला कोणी बांधलेलं नाही. त्या दिवशी रांगेत 'तोफखाना' म्हणायला त्यांनाही कोणी बांधलं नव्हतं. बास, एवढंच. वकीलबाई, हे कापू नका.

कलम सातवे : किरकोळ

माझे लुगड्यांचे गाठोडे सुनेने बघून घ्यावे, आवडेल ते ठेवावे, उरलेल्याची गोधडी करावी. मांजर कोणाच्या नावे करता येत नाही, असे कळते. ती आपली सोय बघेल. स्मारकावर माझ्या यजमानांचे नाव आहे, त्याच्या खाली माझे घालू नये. मी युद्धात मेले नाही. मी तहात जगले, त्याचं स्मारक कोणी बांधत नाही.

कलम आठवे : ओळख

हे शेवटचं. नव्या कायद्यात एक मेख आहे. पलीकडचा साक्षीदार असला तर नोंदणी कचेरीत गावातल्या कोणीतरी उभं राहून सांगावं लागतं की या माणसाला मी ओळखतो, आणि नातं लिहून द्यावं लागतं. मी स्वतः सांगून चालत नाही, पोस्टमास्तरही पहिले साक्षीदार म्हणून चालत नाहीत. कोणी पुढे आलंच नाही, तर सही बाद. खोली त्यांनी आधीच सोडली आहे. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं. मी त्यांना हे नीट समजावून सांगितलं, तोंडाने, मांजरीवाचून. ते म्हणाले, "चालेल, वहिनी."

वकीलबाई म्हणाल्या, माझ्या कचेरीतला माणूस उभा करते. मी नको म्हटलं. त्याला काय ओळख असणार? ती जागा मी कोरी ठेवते आहे.

मुलाला मी निरोप धाडला आहे की उद्या सकाळी लॉरी घेऊन ये, मला नोंदणी कचेरीत जायचंय. कशाला, ते सांगितलेलं नाही. या कागदातलं एक अक्षर त्याला माहीत नाही, आणि माझ्या हयातीत त्याला वाचून दाखवू नये. बरोबर कोण येणार तेही सांगितलेलं नाही. लॉरीत पुढे तिघं बसतात. माझ्या गुडघ्यांमुळे मला दाराशी बसावं लागतं. तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसेल ते उघड आहे. पोस्टमास्तर सायकलने येतील.

येथवर मी सांगितले, वकीलबाईंनी लिहिले, मला वाचून दाखवले, आणि ते माझेच बोलणे आहे. यानंतर मला काही सांगायचे नाही. फार बोलले. इतक्या वर्षांचं साठलं होतं.

ठिकाण : नोंदणी कचेरी, तळमजला, दुसरी खिडकी

दिनांक : तहाच्या वर्षदिनाचा दुसरा दिवस (आदल्या दिवशी कचेरीला सुट्टी असते)

लिहून ठेवणारी :
सही, वखारवाली

साक्षीदार पहिला :
"बाईंनी माझ्यादेखत सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या व कारकुनाशी भांडल्या."
सही, पोस्टमास्तर

साक्षीदार दुसरा :
"वहिनींनी सही केली तेव्हा मी जवळ होतो."
सही, वखारीतला खालचा

दुसऱ्या साक्षीदाराची ओळख (ओळख देणाऱ्याने स्वहस्ते भरावे) :

ओळख देणारा : लॉरीवाला, लिहून ठेवणारीचा मुलगा

साक्षीदारास केव्हापासून ओळखता : लहानपणापासून

साक्षीदाराशी नाते : आतोबा